बीपी दोन्ही हातांवर का मोजावं?

पहिल्या तपासणीत बीपी दोन्ही दंडांवर मोजायलाच हवं. एका हातावर १२८ आणि दुसऱ्यावर १४६ आलं, तर खरा आकडा १४६ धरायचा आणि पुढे कायम त्याच हातावर मोजायचं. कमी आकड्याच्या हातावर विसंबलं की उपचार अपुरे पडू शकतात.

आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर. हात लोंबकळत राहिला तर आकडा वाढतो. पट्टा आखूड असला तरी वाढतो, त्यामुळे जाड दंडाला मोठाच पट्टा लावा. बाही वर सरकवून दंड आवळू नका, शर्टातून हात बाहेर काढा.

पहिलं माप बहुधा जास्त येतं. म्हणून उजवा, डावा, मिनिटभर थांबून पुन्हा उजवा, डावा असं मोजा. ५-७ चा फरक चालतो. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हापुन्हा दिसला तर डॉक्टरांना सांगा: कमी आकड्याच्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आणि सोबत असा फरक, तर थेट इस्पितळ गाठा.

डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) असलेल्या हाताला मात्र पट्टा लावू नये.