तेरा मॅच का होईना, सीझन आला

१४ फेब्रुवारी २०२६ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आपली देशातली टॉपची फुटबॉल लीग, सुरू होतेय. मागच्या जुलैपासून आम्ही सगळे या एका तारखेची वाट बघत होतो. मधल्या काळात "लवकरच निर्णय होईल", "पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे" हे इतक्या वेळा ऐकलंय ना की तारीख आली तेव्हा आनंद व्हायच्या आधी पहिलं मनात आलं, परत पुढे ढकलली तर? पण ६ जानेवारीला क्रीडामंत्र्यांनीच जाहीर केलं की १४ च्या १४ क्लब खेळणार आणि ९१ मॅचेस होणार, त्यामुळे आता मी होणार असंच धरून चाललोय, आणि डोक्यात जे काय चालू आहे ते एकदा लिहून काढतो.

मी ऐरोलीचा. मुंबई सिटी एफसीचा सपोर्टर, पहिल्या सीझनपासून. ज्यांना वाटतं हा अंधेरीवाल्यांचा क्लब आहे त्यांना मी नेहमी सांगतो की बाबांनो, क्लबची सुरुवात आमच्याकडे झाली, नेरूळला. २०१४ आणि २०१५ च्या होम मॅचेस डी वाय पाटीलला होत्या. १८ ऑक्टोबर २०१४, पुण्याविरुद्ध पहिली होम मॅच, ५-०, आंद्रे मोरित्झची हॅट्ट्रिक, आणि ती अख्ख्या आयएसएलमधली पहिली हॅट्ट्रिक होती. पुढच्या वर्षी सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध तीन मारले, आयएसएलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला भारतीय, ते पण इथेच. आम्ही तेव्हा कॉलेजमध्ये होतो, ट्रान्सहार्बरने ऐरोलीवरून नेरूळ, आणि येताना दारात उभं राहून गळा बसेपर्यंत ओरडत यायचं. २०१६ ला क्लब अंधेरीला गेला. आम्ही पण मागोमाग गेलो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो की हे सगळं अडलं कुठे. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार २०१० चा, १५ वर्षांचा. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, म्हणजे सीझन अर्ध्यावर असताना. नवीन करार होईना, म्हणून ११ जुलैला सीझनच होल्डवर टाकला. मग कोर्ट, मग टेंडर. ७ नोव्हेंबरला टेंडरची मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. देशातली टॉपची लीग चालवायला द्यायचीय आणि घ्यायला कोणी पुढे येत नाही, हे वाचून मला खरंच कसंतरी झालं. त्याच्या पाचच दिवस आधी, २ नोव्हेंबरला, आमच्या नेरूळच्याच स्टेडियमवर आपल्या मुलींनी साऊथ आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला होता, अख्खी नवी मुंबई जागी होती त्या रात्री, मी पण होतो, डोळ्यात पाणी होतं. क्रिकेटचा मला कधीच राग नाही आला. फक्त वाटतं की त्याच मैदानात फुटबॉलचे पण मोठे दिवस आम्ही बघितलेत, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप बघितलाय, २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची स्पेन-कोलंबिया फायनल इथेच झालीय, म्हणजे जागा आहे, लोक आहेत, आणि तरी लीगला कोणी वाली नाही असं कसं होतं?

काही क्लबांनी तर पगारच थांबवले. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन या लोकांना व्हिडिओ करून फिफाकडे मदत मागावी लागली. इतकी वर्षं देशासाठी खेळलेली माणसं, आणि मागणी काय, तर आम्हाला खेळू द्या.

माझा भाचा घणसोलीला टर्फवर शनिवार-रविवार खेळतो. अकरा वर्षांचा आहे, विंगर. ऑक्टोबरमध्ये एकदा त्याला आणायला गेलो होतो, टर्फच्या बाहेर कट्ट्यावर बसून शिनगार्ड काढत होता आणि मान वर न करता म्हणाला, "मामा, आपली टीम बंद पडली का?" म्हटलं नाही रे, उशीर होतोय फक्त. तर म्हणे, "मग छांगते आत्ता कुठे प्रॅक्टिस करतो?" छांगते म्हणजे आमचा विंगर. मला पटकन उत्तरच देता येईना. अंगात त्याच्या तीच आकाशी जर्सी, मागे सात नंबर, मागच्या सीझनला घेतली तेव्हा गुडघ्यापर्यंत येत होती, आता दंडात घट्ट होतेय आणि काखेत शिवण उसवलीय. या वयात पोरं अशी वाढतात. त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे खूप मोठा काळ आहे, आणि ते वर्ष आपण त्यांना काही दाखवलंच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, आणि ट्रॉफी वगैरे त्याच्यानंतर. घणसोलीलाच रिलायन्सची यंग चॅम्प्स अकॅडमी आहे, देशभरातली पोरं तिथे राहून शिकतात. अशा अकॅडमीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने काय करायचं, सांगा ना. पहिल्यांदा सीनियर टीमच्या बेंचवर बसायचं वय, आणि वर लीगच नाही. बारावीचं वर्ष वाया गेलं तर पुढच्या वर्षी परत बसता येतं, फुटबॉलरचं एकोणिसावं वर्ष परत येत नाही.

हे सगळं चालू असताना २६ डिसेंबरला ती बातमी आली. सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक, मुंबई सिटीतून बाहेर पडला. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला होता, आता तो सोडला आणि क्लब परत मूळ मालकांकडे आला. ज्यांनी हा क्लब २०१९ च्या आधी बघितलाय त्यांना कळेल पोटात गोळा का आला ते. त्याआधी आमच्याकडे नावं मोठी होती, आनेल्का आला, फोरलान आला, २०१६ ला तर टेबलमध्ये पहिले आलो आणि सेमीमध्ये कोलकात्याच्या एटीकेकडून हरलो. कपाट रिकामंच होतं. नंतर काय झालं बघा, २०२०-२१ ला कोच लोबेराच्या टीमने शील्ड (टेबलमध्ये पहिलं येण्याची ट्रॉफी) आणि कप (त्यानंतरच्या नॉकआउट प्लेऑफची) दोन्ही उचलले, २०२२-२३ ला पुढचा कोच बकिंगहॅमने परत शील्ड आणली, २०२४ ला त्याच्यानंतरचा कोच क्राट्कीने कोलकात्यात जाऊन, साठ हजार लोकांच्या आवाजात, मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला. आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आपला, आणि विनिंग गोल कोणाचा, राहुल भेकेचा! मुंबईचा मराठी पोरगा, हेडर मारून आशियात इतिहास करतो. मी त्या रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन ओरडलो होतो.

हे सगळं पैशाने झालं असं लोक म्हणतात, थोडंफार खरं पण आहे, पण फक्त पैशाने नाही झालं. कोच शोधण्याची पद्धत, प्लेयर निवडण्याची पद्धत, एक कोच गेला तरी टीमची खेळायची स्टाइल तीच राहायची, हे ग्रुपमुळे आलं होतं. बकिंगहॅम सीझनच्या मध्यात ऑक्सफर्डला गेला तरी त्याच सीझनला कप आला, हे त्यामुळेच शक्य झालं. आता ते काम कोण करणार? हा प्रश्न मला रोज पडतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे लोक २०१४ पासून आहेत, नेरूळच्या त्या पहिल्या मॅचपासून, आणि इतक्या वाईट वर्षात, जेव्हा लीग होणार की नाही हेच माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी क्लब बंद न करता स्वतःकडे घेतला. याचं मोल आहे माझ्यासाठी. मी त्यांच्याकडून यावर्षी मोठी साइनिंग मागणार नाही. सगळ्यांचे पगार वेळेवर द्या, ज्युनियर टीम चालू ठेवा, आणि जे चाललंय ते सपोर्टरला सरळ सांगत जा, एवढं केलं तरी मी खूश आहे.

टीमबद्दल बोलायचं तर मन जड आहे. भेके आणि अपुया २०२४ लाच गेले. २०२५ ला मेहताब मोहन बागानला गेला आणि बिपिन ईस्ट बंगालला. बिपिन! २०२१ च्या फायनलला नव्वदाव्या मिनिटाला गोल मारणारा बिपिन, २०२४ च्या फायनलला परत गोल मारणारा बिपिन. प्लेयर येतात जातात हे माहितीय, पण काही प्लेयर असे असतात की ते दुसऱ्या रंगाच्या जर्सीत दिसले की चॅनल बदलावासा वाटतो. तो जिथे जाईल तिथे त्याचं भलं होवो, आमच्याविरुद्धची मॅच सोडून.

मागचा सीझन पण तसा धापा टाकतच संपला होता. २४ मॅचेसमध्ये ३६ पॉइंट, सहावा नंबर, शेवटच्या मॅचला बेंगळुरूत जाऊन २-० जिंकलो म्हणून प्लेऑफमध्ये घुसलो, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच बेंगळुरूने तिथेच ५-० ने बाहेर काढलं. त्यानंतर लीगची मॅच नाही. म्हणजे दहा महिने झाले, आमच्या डोळ्यासमोर तो पाच-शून्यचा बोर्डच आहे, तो पुसायला चान्सच मिळाला नाही. सुपर कप या वेगळ्या स्पर्धेत डिसेंबरला सेमीपर्यंत गेलो, गोव्याकडून २-१ हरलो, पण पोरं बरी खेळली, इतके महिने लीग नसताना फिट राहणं सोपं नाही. छांगते अजून आपल्याकडे आहे आणि क्राट्की अजून आपल्याकडे आहे, या दोन गोष्टींवर माझी सगळी आशा. छांगते बॉल घेऊन उजवीकडून आत वळतो तेव्हा अख्खा स्टँड उभा राहतो, बसलेला माणूस दिसत नाही तुम्हाला.

आता या १३ मॅचेसचं गणित समजून घ्या, कारण बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नाही. मागच्या वेळी १३ टीम होत्या, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणून २४. आता इंटर काशी आल्यामुळे १४ टीम, पण प्रत्येकाशी एकदाच. ९१ मॅचेसमध्ये प्लेऑफला जागाच नाही, म्हणजे टेबलमध्ये जो पहिला तो चॅम्पियन. सुरुवातीला दोन ड्रॉ आणि एक हार झाली की नंतर भरून काढायला वेळच नाही. आम्ही मागच्या वेळी किती ड्रॉ खेळलो ते आठवून अंगावर काटा येतो. उलट बाजूने विचार केला तर छोट्या सीझनमध्ये तरुण, धावणारी टीम चार-पाच मॅच लागोपाठ जिंकली की टेबल हलवू शकते. क्राट्कीने ज्युनियर पोरांना खेळवावं असं मला मनापासून वाटतं. हरलो तरी चालेल. वाया गेलेलं वर्ष त्यांना थोडं तरी परत मिळेल.

अजून एक इच्छा आहे, क्लबमधलं कोणी वाचत असेल तर बरंच. सहा-सात होम मॅचेस मिळतील, त्यातली एक तरी नेरूळला घ्या. ६ नोव्हेंबर २०२३ आठवा, सौदीची अल हिलाल आली होती, त्यांचा नेमार जखमी होऊन घरी होता, आम्ही ०-२ हरलो, आणि तरी डी वाय पाटील कसं भरलं होतं! पनवेल, कळवा, डोंबिवली, कुठून कुठून लोक आले होते, आमच्या सोसायटीतले काका ज्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नाही ते नातवाला खांद्यावर घेऊन आले होते. अंधेरीचं ग्राउंड मला प्रिय आहे, छोटं आहे, प्लेयरचा श्वास ऐकू येतो, कॉर्नर घेणाऱ्याला नावाने हाक मारली तर तो बघतो. पण क्लबला आता तिकिटाचा एकेक रुपया लागणार आहे, आणि खाडीच्या अलीकडे पण माणसं राहतात.

तोपर्यंत अंधेरी. ठाणे, ऐरोली, वाशीकडून येणाऱ्यांनी ट्रेनने घाटकोपर गाठा, तिथून मेट्रो वन, आझाद नगरला उतरा, ग्राउंड चालत आहे. रात्रीची मॅच असली तरी संपल्यावर मेट्रो मिळते, फक्त घाटकोपरच्या ब्रिजवर गर्दी असते तर लहान पोरांचा हात धरून ठेवा. फॉर्मेशन कळत नाही, प्लेयरची नावं माहीत नाहीत, काही हरकत नाही, पहिल्या हाफमध्ये सगळं कळतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेडच्या, म्हणजे आमच्या सपोर्टर ग्रुपच्या, बाजूला उभे राहा, चँट्स आम्ही शिकवू. मागच्या वर्षीचे आमचे दोन ढोलवाले नोकरीसाठी पुण्याला गेलेत, त्यामुळे हातात ताल असलेलं कोणी असेल तर आधी इकडे या.