वडिलांवर खोटा आरोप झाला, तरी मी राजीनामा का मागतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मंत्र्यावर आरोप झाला की मी "आधी पायउतार व्हा" म्हणतो, आणि कुणीतरी ऐकवतंच, "तुमचेच वडील खोट्या तक्रारीत अडकले होते ना? मग नुसत्या आरोपावर दुसऱ्याची खुर्ची कशी मागता?"

हो, अडकले होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. लाचेची तक्रार झाली, ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिले आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे आपोआप निलंबित ठरले. इतकी वर्षं शेजारी बसून ज्याने डबा खाल्ला, त्यानेच एकेक संचिका मोजून चार्ज घेतला. सही करताना मान वर केली नाही. निलंबनाच्या काळात राहायचं मुख्यालय दुसऱ्या तालुक्याला दिलं. पगाराऐवजी निर्वाह भत्ता, तोही आधी अर्ध्या पगाराइतका, आणि त्यासाठी 'मी दुसरीकडे नोकरीधंदा करत नाही' असं लिहून द्यायचं. त्या वर्षी गावच्या जत्रेच्या पत्रिकेत निमंत्रकांमधून त्यांचं नाव गळलं. ती पत्रिका वडिलांनी दोनदा वाचली आणि घडी करून ठेवून दिली. काही वर्षांनी निर्दोष सुटले. थकबाकी मिळाली. पत्रिकेत नाव परत आलं नाही.

कॉलेजात असताना मीही म्हणायचो, सिद्ध होईपर्यंत कुणाला हात लावू नका. आज तसं म्हणवत नाही. चौकशी चालू असताना एकही कागद वडिलांच्या टेबलावरून गेला नाही, म्हणूनच ते सुटले तेव्हा 'मॅनेज केलं' असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. खुर्चीत बसून मिळवलेल्या क्लीन चिटवर कोण विश्वास ठेवतो?

मंत्र्यांनाही आचारसंहिता आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने केलेली. पद घेण्याआधी मालमत्ता आणि धंद्यातले हितसंबंध मुख्यमंत्र्यांना कळवायचे, धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यायचं, आणि मग मालमत्तेचा हिशेब दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत द्यायचा. पण तो कायदा नाही, आणि ती पाळली जाते की नाही हे बघणार मुख्यमंत्रीच, ज्यांचं सरकार याच माणसांच्या पाठिंब्यावर उभं असतं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांनी एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आदेश दिल्यावर राजीनामा दिला. नवाब मलिक फेब्रुवारी २०२२ मध्ये अटक झाल्यावरही मंत्री राहिले, फक्त खाती दुसऱ्यांकडे गेली. कारकुनाला ४८ तास, मंत्र्याला ज्याची त्याची मर्जी. हे मला सहन होत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत विधेयक आलं: गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं पद जावं. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती धास्ती. अटक करणारी यंत्रणा सरकारच्या हातात, मग विरोधकांचं मंत्रिमंडळ रिकामं करायला कितीसा वेळ? वडिलांनाही आधी अटकच झाली होती.

म्हणून मला १९५८ चं मुंदडा प्रकरण आठवतं, एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे घातल्याचं. न्यायमूर्ती छागलांची नेमणूक जानेवारीत, चौकशी मुंबईत लोकांसमोर, फेब्रुवारीत अहवाल आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा राजीनामा. अशी उघडी आणि झटपट चौकशी असेल तर निर्दोष माणसाचे फार तर काही आठवडे जातील. आमच्या घरची काही वर्षं गेली.

आईला हेही पटत नाही. "आपल्यावर आलं ते कुणावरच येऊ नये, मंत्र्यावरसुद्धा," असं ती म्हणते. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. राजीनामा मात्र मी मागत राहणार.