खरवड

आमच्या हास्यक्लबाला हसायला कारण लागत नाही, सहलीला मात्र लागतं. या फेब्रुवारीत ते स्ट्रॉबेरीचं निघालं. कात्रज सुटायच्या आत भेळेचा डबा फिरला, खंबाटकीत दोघींना मळमळलं, पसरणीच्या घाटात भेंड्या झाल्या आणि भिलारजवळच्या एका मळ्यात आम्ही 26 जण उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

स्ट्रॉबेरी खायची तर वाकावं लागतं, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. गादीवाफे, त्यांवर ताणलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्याच्या भोकांतून डोकावणारी वीतभर झाडं. गुडघे बदललेल्या मावशी बांधावरच बसल्या आणि आम्ही आणून दिलेल्या फळांत ‘ही आंबट, ही बरी’ करत राहिल्या. मळेवाले दादा सारखे बजावत होते, अर्धं पांढरं तोडू नका, तोडल्यावर ते गोड होत नाही. अढीतल्या आंब्यांवर वाढलेल्या मला हे फळ जरा हेकटच वाटलं. थोडी वाट बघायचीसुद्धा सोय नाही! त्यात क्लबातल्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाईंनी सांगितलं की अंगावरच्या त्या पिवळ्या टिकल्या म्हणजेच खरी फळं. मग आपण खातोय ते काय? ‘फुलाचा फुगलेला देठ.’ दोघांनी हातातली खाली ठेवली.

जेवणं झाल्यावर जॅमच्या शेडमध्ये. सगळ्यांना डोक्यावर जाळीच्या टोप्या. क्लबाचे अध्यक्ष त्या टोपीत ऑपरेशनला निघाल्यासारखे दिसत होते. आत स्टीलची भली मोठी कढई, तिला दुहेरी भिंत, मधून वाफ खेळवलेली. आत एक यांत्रिक हात गोल गोल फिरत होता. शिजवणारा पोरगा मधेच एक थेंब काढून दुर्बिणीच्या पिल्लासारख्या नळीच्या काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. साखरेचा आकडा 65 च्या पुढे गेला की झालं. थर्मामीटर का नाही, असं विचारलं तर म्हणाला, एवढ्या उंचीवर पाणीच शंभराच्या चार-पाच अंश आधी उकळतं, पुस्तकातला आकडा इथे कशाला? तोवर लेबलं वाचायची खोड असलेल्या काकांनी नियम काढला होता. जॅममध्ये निदान 45 टक्के फळ हवं, स्ट्रॉबेरीला मात्र 25 चालतं. ‘म्हणजे बाकीची साखर?’ यावर अख्खा क्लब हसला, त्यातले निम्मे तरी मधुमेही असतील.

मी मात्र कढईकडे बघत होते. जॅम उतरवल्यावर ती आतून लख्ख. त्या हाताने भिंतीला काही म्हणून राहू दिलं नव्हतं.

‘आणि खरवड?’ मी विचारलं.

‘काय?’ पोरगा म्हणाला.

आता याला काय सांगायचं. आमच्याकडे मे महिन्यात साखरांबा व्हायचा. दाराशी कल्हईवाला येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ते मोठं पितळी पातेलं चुलीवर चढायचं. आजी दोन बोटांत पाक धरून तार बघायची, आणि ती बोटं एकमेकांपासून दूर जाताना मी आणि दादा श्वास रोखून उभे. साखरांबा बरणीत जायचा, बरणीच्या तोंडाला दादरा बांधला जायचा, त्यात आम्हाला रस नव्हता. तो वर्षभर होताच की. आमचा जीव पातेल्यात. तळाशी लागलेली, तांबूस, किंचित करपलेली, दातांना चिकटणारी ती खरवड. दादा कालथ्याने मधोमध रेघ मारायचा. ती मधोमध कधीच नसायची. मी रडायला लागले की आजी म्हणायची, ‘खाऊ दे त्याला. खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो.’

दादाच्या लग्नात थेंब पडला नाही. माझ्या लग्नात, ऐन वैशाखात, मांडव उडाला. आजी तेव्हा नव्हती, नाहीतर विचारलं असतं.

तर त्या शेडमध्ये, यांत्रिक हाताकडे बघताना मला काहीतरी मोठं सुचलं होतं. तळाला लागण्याविषयी, किंवा काहीच वाया न जाण्याविषयी. बाहेर आल्यावर मळ्यात ‘सिंहमुद्रा हास्य’ करायचं ठरलं, शेजारच्या वाफ्यांतल्या बायका खुरपी टाकून बघायला लागल्या, आणि ते जे सुचलं होतं ते गेलं.

येताना जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या. एक दादाला. रात्री फोन केला तर म्हणाला, ‘अगं, मला कुठे चालतंय आता? तीन महिन्यांची साखर पुन्हा आठाच्या वर आलीय.’

मी गप्प.

‘तूच खा,’ तो म्हणाला. ‘बाटली तेवढी धुऊन दे. हिला मोहरी ठेवायला हवीय.’