तुम्ही विचारलंत म्हणून: ती खरखर

"एवढं गाणं उपलब्ध असताना तुम्ही रोज त्या खरखरणाऱ्या तबकड्याच का ऐकता? आत्ताचं कुणी तुम्हाला चालतच नाही का?"

प्रश्न सभ्यपणेच येतो, पण येतच राहतो. गाणं ऐकणाऱ्या आपल्या मंडळींत रात्री कोणी काय ऐकलं ते कळवायची रीत आहे. कुणी परवाच्या मैफलीतला जोगकंस सांगतं, कुणाला आकाशवाणीचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण सापडलेलं असतं. माझी नोंद ठरलेली, जुन्या तबकड्यांवरचे गाणारे आणि त्यांचे राग. अब्दुल करीम खाँ, झिंझोटी. केसरबाई, नट कामोद. हिराबाई. पुन्हा अब्दुल करीम खाँ. त्यावर येणारे शेरेही ठरलेले. अर्धे जण 'जुनं ते सोनं' म्हणून हात जोडतात आणि उरलेले 'काकू, आता विसाव्या शतकातून बाहेर या' म्हणतात. हात जोडणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. त्यांना वाटतं मी त्यांच्या बाजूची आहे.

मी कुणाच्याच बाजूची नाही. हल्लीचं गाणं बिघडलंय असं मी कधी कुठं म्हटलेलं दाखवा. उलट तुमच्यातले जे मला पूर्वीपासून ओळखतात त्यांना आठवत असेल, तबकड्यांची सर्वांत जास्त टिंगल मीच करायची. तबकडी म्हणजे कापडाच्या दुकानातला नमुन्याचा तुकडा, त्याचं धोतर होत नाही, हे वाक्य माझं आहे. साडेतीन मिनिटांत बंदिश आटपायची, चार ताना फेकायच्या, त्याला राग म्हणायचं? अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही, भास्करबुवांची नाही. थोरांनी थोरपणा असा राखला, असं ऐकवून मी समोरच्याला गप्प करायची. तेव्हाच्या त्या बाई, म्हणजे मीच, भलत्याच ठाम होत्या. त्यांचे कान शाबूत होते.

तर आता मिरजेची गोष्ट.

माझा तंबोरा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराचा. गाणं शिकत होते तेव्हा घेतलेला, गाणं सुटलं तरी ठेवलेला. वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभा राहून त्याचा आवाज बसला होता, म्हणून जवारी काढायला मी तो मिरजेला सतारमेकरांकडं नेला. सांगलीहून बस, ऐन मे महिना, तंबोऱ्याला चादर गुंडाळलेली. कारागीर ओळखीचे. जमिनीवर मांडी घालून त्यांनी तंबोरा आडवा घेतला आणि तारा उतरवल्या.

जवारी म्हणजे तारेतून निघणारा तो भरलेला झंकार, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती काढताना शेजारी बसून पाहिलंय का कधी? घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा कानशीनं एवढासा घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा, तार उतरवून पुन्हा घासायचं. माथ्याचा उतार जरा चुकला की तार एकतर मुकी वाजते, नाहीतर नुसतीच झणझणते. मग सुताचा दोरा. तो तारेखाली धरून हलके हलके पुढं-मागं न्यायचा, आणि एका जागी तार उघडते. एका तारेतून दहा स्वर एकदम निघायला लागतात, त्यातला गंधार तर आपण लावलेलाच नसतो. ती जागा यायची त्या क्षणाला माझ्या अंगावर नेहमी काटा आलेला आहे. त्यासाठीच मी तिथं बसून राहायची, नाहीतर तंबोरा ठेवून बाजारात जाता आलं असतं.

त्यांनी पंचमाची तार छेडली, दोरा सरकवला, थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बोलली बघा."

तार बोलली नव्हती. टण्ण करून वाजत होती, बस्स.

मी म्हटलं, अजून बंद आहे. त्यांनी दोरा आणखी सरकवला. "आता?" नाही. त्यांनी काही न बोलता तार उतरवली, पुन्हा घासलं, पुन्हा चढवली. जोडाच्या तारा घेतल्या. त्याही मुक्या. मागं भोपळ्याला पॉलिश करत बसलेला पोरगा काम थांबवून बघायला लागला. मी चिडले. तोंडानं नाही, पण मनात म्हटलं की यांचा हात गेला, आता मिरजेतही जवारी मिळेनाशी झाली. आणि हे सगळं रात्री तुम्हाला कसं सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा जुळवायला लागले होते.

मग त्यांनी भिंतीला टेकवलेला एक तयार तंबोरा ओढला. धारवाडच्या कुणा गाणाराचा होता, उद्या न्यायला येणार होते. त्यांनी तो छेडला. टण्ण. दुसरा घेतला, जुना, काळाभोर, बघूनच गोड असेल असं वाटणारा. तोही टण्ण. खोलीतले झाडून सगळे तंबोरे मुके होते आणि पोरगा मात्र त्या जुन्या तंबोऱ्याकडं डोळे मिटून मान हलवत होता.

कारागीर उठले, माझ्या उजव्या कानाशी हात आणला आणि अंगठा बोटांवर चोळला. "ऐकू येतंय?"

"काय?"

डाव्या कानाशी तेच. तिथं किंचित काहीतरी होतं.

"ताई, तंबोरा झालाय. कान दाखवा."

त्यांनी जास्तीच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. घोडी माझ्या हट्टापायी घासायची त्याहून जास्त घासली गेली होती. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावरच धुमसत होते आणि पुढं कितीतरी दिवस धुमसत राहिले. डॉक्टरांकडं गेले ते घरच्यांनी दारावरची घंटा ऐकू येत नाही म्हणून नेलं तेव्हा.

कानाचा आलेख २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत काढतात. माझी रेघ १००० पर्यंत बरी चालते, २००० ला वाकते आणि पुढं कागदाच्या तळाशी जाते. आतल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच स्वरांच्या आधी जातात. वयाचं कारण, औषध नाही. डॉक्टर समजावत होते की रोजचं बोलणं चालेल, काळजी करू नका. मी विचारलं, तंबोरा? ते म्हणाले, म्हणजे?

मग मी स्वतःच हिशेब मांडला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. काळी चारचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, २०८ हर्ट्झच्या आसपास. तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला प, सव्वासहाशेच्या आत. म्हणजे गाण्यातला एकूण एक स्वर माझ्या चांगल्या पट्ट्यात आहे. गेलं काय, तर स्वरांच्या वर जे पसरलेलं असतं ते. जवारी तिथं राहते. 'स', 'श', 'त' तिथं राहतात. त्यामुळं आकार, म्हणजे नुसत्या 'आ'वरचं गाणं, मला पुरा ऐकू येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड ऐकू येते, आणि बंदिशीचे शब्द ओल्या पाटीवर लिहिल्यासारखे पुसट येतात. नव्या बंदिशीत तर काय म्हणतायत ते कळत नाही.

आता तबकड्या. १९२५ च्या आधी भोंग्यात तोंड घालून गायचे, त्यात अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरायचंच नाही. विजेचा मायक्रोफोन आल्यावर मजल पाच-सहा हजारांपर्यंत गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या तबकड्या भोंग्यातल्या, आणि झिंझोटी, भैरवी ही तिशीच्या दशकातली, ओडियनची. त्या भोंग्याची हद्द आणि माझ्या कानाची हद्द जवळजवळ एकच. तिथं गाणं जेवढं शिल्लक आहे तेवढं सगळं माझ्यापर्यंत पोचतं. तुमच्याइतकंच पोचतं. दुसऱ्या कुठल्याही ध्वनिमुद्रणाबद्दल मला हे म्हणता येत नाही.

आणि खरखर? ती तर बहुतेक वरच्या पट्टीतच असते. ओरखड्याची टकटक मला येते, पण ती सळसळ, जिच्याबद्दल तुम्ही इतक्या वर्षांत मला इतकं ऐकवलंत, ती मला जवळजवळ ऐकूच येत नाही. तुम्ही मला खरखरीची शौकीन समजता, आणि मी झिंझोटी तुमच्यापेक्षा स्वच्छ ऐकते.

बोलून टाकलं.

कीव नको. यंत्र लावा, असंही सांगू नका, लावून झालंय. कानातलं यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बनवतात. यंत्र शिट्टी मारायला लागलं तर ती दाबायची सोय त्यात असते, आणि बराच वेळ एकाच उंचीवर टिकलेला स्वर हा त्याला शिट्टीच वाटतो. मी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला तर षड्ज थरथरायला लागला. खाँसाहेबांनी वरचा षड्ज लावून धरला की यंत्र तो पुसायला धावतं. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची अख्खी गायकी त्याच्या लेखी बिघाड आहे.

मैफलीला का दिसत नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. असा कान बारीक आवाज गाळतो आणि मोठा झाला की एकदम सहन करत नाही, मधली जागाच उरत नाही. ध्वनिक्षेपकाशेजारी बसले तर तबल्याची चाट कानात टोचते, मागं बसले तर गाणारी व्यक्ती पाण्याखाली. पूर्वी मी मध्यंतरात उठून जाणाऱ्यांना नावं ठेवायची.

सगळ्यात जास्त चुटपुट मारवा रागाची आहे. अमीर खाँसाहेबांचा तो झुमरा तालातला, लाँग प्ले तबकडीवरचा. मारव्यात पंचम नाही, षड्जावर उभं राहायचं नाही, गाणारा कोमल रिषभ आणि धैवतावर लोंबकळत राहतो. षड्ज धरून ठेवायचं काम तंबोऱ्याचं. गायक जितका लांब राहतो तितका तंबोरा आपल्या कानात मोठा होत जातो, ती ओढ म्हणजेच मारवा. माझ्याकडं तंबोऱ्याचा टणत्कार उरलाय, झंकार नाही. त्यामुळं खाँसाहेब कुणापासून लांब चाललेत तेच कळेनासं होतं. पाठ आहे म्हणून मी मनात तंबोरा भरून घेते. पण मग मी ऐकतेय की आठवतेय? पंधरा मिनिटांत थकवा येतो. केसरबाईंच्या नट कामोदात हा प्रश्न पडत नाही. तो खुला, जाडजूड आकार सरळ येऊन समोर बसतो.

आता त्या जुन्या ठाम बाई विचारतात, आणि त्यांना मी अजून गप्प करू शकलेले नाही: हे सगळं मजबुरीचं तत्त्वज्ञान नाही कशावरून? परवडतं तेच आवडतं म्हणायचं, असंच ना? मी त्यांना सांगते की व्हॉयेजर अंतराळयानावर १९७७ मध्ये केसरबाईंची भैरवी गेली तीही साडेतीन मिनिटांचीच, विश्वानंही नमुन्यावरच भागवायचंय. त्या हसत नाहीत. मग मी खरं ते सांगते. पूर्वी नमुना म्हणून उडवून लावलेल्या तबकड्यांत काय काय आहे ते मला कान गेल्यावर दिसलं. तीन मिनिटांत कुठली जागा घ्यायची आणि कुठली सोडायची, याचा त्या माणसांनी किती विचार केलाय. एकही स्वर वेळ काढायला येत नाही. हे आधीही ऐकू येत होतं, मी लक्ष देत नव्हते. त्यावर त्या म्हणतात, दुसरं काही ऐकू येत असतं तर अजूनही दिलं नसतंस. यावर माझ्याकडं उत्तर नाही. कधी वाटतं त्यांचं बरोबर, कधी वाटतं बाईंना कान होते पण ऐकायला वेळ नव्हता.

म्हणून हात जोडणाऱ्यांना सांगणं, माझी यादी तुमच्या वादात पुरावा म्हणून वापरू नका. सोनं की पितळ ते ठरवायला निम्मा कान पुरत नाही. आणि आत्ताच्या गाणाऱ्यांनो, मी तुमच्याबद्दल गप्प आहे ती नापसंती नाही. तुमच्यातल्या एकीनं मला तिचा यमन पाठवला होता, बाहेर तो उत्तम म्हणतात. मला त्यात तबला ऐकू आला आणि मधूनमधून ती.

यंत्राच्या दुकानात म्हणतात, संगीतासाठी वेगळी जुळणी करून देऊ, शिट्टी दाबायची सोय बंद करून. एकदा करून पाहिली. जवारीचा भास झाला, नक्की सांगता येत नाही. आणि झिंझोटी लावली तर ती खरखर, बाप रे. तुम्ही लोक हे कसं सहन करत होतात? मी यंत्र काढून ठेवलं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, जाईनही.

तोवर मला काही नवं सुचवायचं असेल तर जरूर सुचवा. फक्त आकाराचं गाणं असावं, बंदिशीचे शब्द सोबत लिहून द्यावेत, आणि तबला जरा मागं ठेवलेलं ध्वनिमुद्रण बघून पाठवावं.