छप्पर चिकटवायचं नाही

‘रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे,’ असा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. टेबलाच्या वरच्या खणात एक काडेपेटी असते, ती काढून उघडली. आत पुठ्ठ्याची एक बाई आहे. उंची ३१ मिलिमीटर. आता गुडघ्यात वाकलीय, त्यामुळे थोडी कमीच भरेल. ती मी.

२००१ साली आम्ही आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आलो तेव्हा बेसिक डिझाइनच्या सरांनी घरबीर काढायला सांगितलं नाही. ‘आधी स्वतःला कापा,’ म्हणाले. एकास पन्नास या स्केलला. माझी उंची १५५ सेंटिमीटर, भागिले ५०. पहिल्या दोन बायांची मुंडकी कटरखाली उडाली, तिसरी टिकली. यापुढे मॉडेल तपासायला आणायचं तर हे माणूस सोबत हवं, असा नियम झाला. सर त्याला चिमटीत धरून दारातून आत न्यायचे, खोल्याखोल्यांतून हिंडवायचे आणि कुठे अडलं की काही न बोलता चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे.

माझी बाई पहिल्यांदा अडली ती जिन्याखाली. जिन्याच्या लँडिंगखालून परसदारी जायची वाट मी काढली होती. प्लॅनमध्ये ती इतकी ऐटदार दिसत होती की मी तिथे तुळशीवृंदावनसुद्धा काढून ठेवलं होतं. लँडिंग दहाव्या पायरीवर. पायरी १५ सेंटिमीटरची, म्हणजे दीड मीटर, त्यातून स्लॅबची जाडी वजा. मॉडेलमध्ये उरले २७ मिलिमीटर. बाई ३१ची. सरांनी तिला तिथवर नेलं, टकटक असं दोनदा डोकं आपटवलं आणि माझ्या हातात दिली. हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, हा शब्द पुस्तकात मी त्यानंतर वाचला. ते बरंच झालं, नाहीतर तो नुसता पाठ झाला असता.

सामान अप्पा बळवंत चौकातून आणायचं, साखळ्या-तारांसाठी बोहरी आळी. माउंटबोर्डाचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, एक शीट फुकट गेला की महिन्याचं गणित बिघडायचं, म्हणून हात आपोआप सावध झाला. कटर एका दमात दाबून चालवायचा नाही, पट्टीच्या कडेने तीन हलके हात फिरवायचे. घडी घालायची असेल तर निम्म्या जाडीपर्यंतच चीर द्यायची आणि चिरेच्या उलट्या बाजूला वाकवायचं. फेविकॉल काडीच्या टोकाने. ही निम्मी चीर मला वर्षभर जमली नाही. एकतर आरपार जायचं, नाहीतर वाकवताना पुठ्ठ्याचा पापुद्रा फाटायचा. माझ्या रूम पार्टनरला मात्र ती पहिल्या आठवड्यात जमली. तिच्या आजीकडे पापड लाटायची सवय होती, त्याचा काही संबंध असेल तर माहीत नाही.

पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, एकास पन्नासला चपखल बसतो, कारण नऊ इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट तेवढीच भरते. हे कळल्यावर मला शहाणपण आलं आणि उरलेला बोर्ड मी एकास शंभरच्या मॉडेललाही वापरून टाकला. भिंती अर्धा मीटर जाडीच्या झाल्या. चार फुटी न्हाणीघर तीन फुटांवर आलं. भिंतही जागा खाते, हे मला तोवर खरंच लक्षात आलं नव्हतं. ड्रॉइंगवर ती दोन रेघांची असते.

पण खरी जिरली ती दुसऱ्या वर्षी, डोंगरउताराच्या साइटवर. उंचीच्या दर मीटरला कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, काढलेला नकाशा हातात आला. मी बारा मीटर लांबीची डॉर्मिटरी चार कंटूर ओलांडून झोकात आडवी टाकली. चार बारीक रेघा, त्यांनी काय होतंय? मग एकास दोनशेला साइट मॉडेल. एक मीटर म्हणजे पाच मिलिमीटर, म्हणजे दर कंटूरला सनबोर्डाचा एक थर. थर कापून एकावर एक चिकटवले. लहानपणी दिवाळीचा किल्ला करायचो तेव्हा पोत्यावर चिखल थापून अळीव पेरायचो, ते आठवत मजेत काम चाललं होतं. वर डॉर्मिटरीचा ठोकळा ठेवला. एक टोक जमिनीवर आणि दुसरं टोक चार थर वर, हवेत. चार मीटर! म्हणजे त्या टोकाखाली आणखी एक अख्खा मजला उभा राहून वर जागा उरली असती. ठोकळा कुठूनही बघितला तरी तसाच. मी एक बाजू खणायची ठरवली. सरांनी खणलेल्या भागात बोट घालून विचारलं, ‘ही माती कुठे टाकणार? आणि पावसात वरची कोण धरणार?’ मग ठोकळ्याला टिचकी मारून त्यांनी तो काटकोनात फिरवला. तो कंटूरच्या अंगाने, दोन थरांमध्ये सुखाने बसला. मी त्यावर तीन आठवडे भांडत होते, तेही सेक्शन, म्हणजे उभा छेद, न काढता.

बाकीचं भराभर सांगते. बोर्डवर दोन खिळ्यांना साखळी लटकवायची, तिचा आकार गिरवायचा, कागद उलटा करायचा. लोंबताना साखळीत नुसता ताण असतो, उलटी केली की त्याच रेषेत नुसता दाब, आणि दगड-विटांना दाबच मानवतो. गाउडीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया गुएलच्या चर्चसाठी दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पुरचुंड्या बांधून असं उलटं मॉडेल टांगलं होतं. त्यावर दहाएक वर्षं घालवली आणि बांधून झालं ते चर्चचं फक्त तळघर. हे ऐकल्यावर सबमिशनला दोन दिवस उशीर झाला तर काय बिघडलं, असं आमच्यातला एकजण म्हणाला होता. तो आज पुलांची कामं करतो. आम्ही प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं सुती फडकं चार कोपऱ्यांना टांगून वाळवलं आणि उलटं केलं. माझं घाईने काढल्यामुळे मधोमध तडकलं. आणि हॉस्टेलच्या गच्चीवर संध्याकाळी पाच वाजता मॉडेल ठेवून बघितलं तेव्हा कळलं, की पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा म्हणजे निव्वळ शोभा. ऊन त्याच्या खालून सरळ पलंगावर.

आता तिसऱ्या वर्षाची ज्यूरी. मी वाचनालय केलं होतं. उतरतं छप्पर, कौलांसाठी खोक्यातला नालीदार कागद सोलून एकेक पट्टी रंगवलेली. तीन रात्री त्या छपरावर गेल्या. शेवटच्या पहाटे वाऱ्याने उडेल या भीतीने मी ते चारही बाजूंनी फेविकॉल लावून बंद केलं. मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून मॉडेल मांडीवर घेऊन आले, कौलाची एक पट्टीसुद्धा हलली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी छपराला हात घातला. ‘उघडत नाही?’ मी म्हटलं, ‘नाही सर, चिकटवलंय.’ ते खाली वाकले, दारातून डोकावले. ‘आत कुणीतरी अडकलंय,’ म्हणाले. सगळे हसले. रात्री जिना तपासायला ठेवलेली माझी बाई आतच राहिली होती.

आमचे सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मॉडेल पुढ्यात ठेवलं, कटर दिला आणि म्हणाले, ‘अगं, सोडव तिला.’

तीन रात्रींचं काम. मी रडत नव्हते, पण नाक ओढत होते. चारी कडा फेविकॉलने दगडासारख्या झालेल्या, म्हणून कटर आढ्याच्या रेषेवर लावला. एक, दोन, तीन हात. आढं मोकळं झालं तशी एक बाजू बोटभर वर उचलली गेली. सरांनी तिथेच माझा हात धरला. ‘आता दारातून बघ.’

मी गाल टेबलाला टेकवून बघितलं. हॉल नऊ मीटर खोल, खिडक्या एकाच भिंतीला. खिडकीजवळचं टेबल उजळ, आणि मधली टेबलं आतापर्यंत अंधारात असणार हे मला माहीतच नव्हतं, कारण छप्पर लावल्यावर मी आत बघितलंच नव्हतं. आढ्याच्या फटीतून आलेला उजेडाचा पट्टा बरोबर मधल्या टेबलावर पडला होता. त्यात माझी बाई आडवी.

‘पाऊस?’ सरांनी विचारलं. मी एक उतार दुसऱ्यापेक्षा वर घेतला आणि पुढे काढला. ‘तोंड कुठे?’ मी मॉडेल फिरवून उघडी बाजू उत्तरेला केली, म्हणजे उजेड येईल आणि ऊन वर्षातला बराच काळ बाहेर राहील. पुढच्या तपासणीला तेच वाचनालय गेलं. रंगवलेली कौलं त्यात नव्हती. मार्क किती पडले ते सांगत नाही.

आता ऑफिसात मुलं रेंडर, म्हणजे घराचं कॉम्प्युटरवरचं चित्र, इतकं गुळगुळीत करतात की घराआधी झाडाचं पान दिसतं. मलाही ते लागतं, क्लायंटच्या मुलाला मोबाइलवर पाठवायला. पण पहिल्या बैठकीला पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल असतं आणि त्याचं छप्पर नुसतं ठेवलेलं असतं.

गेल्या वर्षी वाईकडच्या एका घराचं काम आलं. मुलगा रेंडर बघत होता. त्याच्या आईने मॉडेलचं छप्पर पातेल्यावरचं झाकण काढावं तसं उचललं, बाजूला उताणं ठेवलं आणि आत बोट घातलं. देवघर, माजघर, मोरी असं करत बोट स्वयंपाकघरात आलं. तिथे ओट्यापाशी माझी काडेपेटीतली बाई उभी केली होती.

‘ही कोण?’

‘मापाला ठेवलीय, काकू.’

‘मग मापाला ओट्यापाशीच कशाला उभी केलीस गं? ओसरीवर बसव की जरा.’

बाईला बसता येत नव्हतं. मी कटर घेतला, मांडीला आणि गुडघ्याला निम्मी चीर दिली, एकदा पुढे, एकदा मागे वाकवली. पापुद्रा फाटला नाही. काकूंनी तिला चिमटीत धरून ओसरीच्या कडेवर पाय सोडून बसवलं आणि म्हणाल्या, ‘पाय टेकत नाहीत हिचे. ओसरी उंच झालीय.’