बिब्बा उतला, तोही न्यू जर्सीत

मे महिन्यातल्या एका शनिवारी मागच्या कुंपणावर चढलेली वेल उपटली. तीन-तीन पानांची, तुकतुकीत, दिसायला अगदी गरीब. हातमोजे होते, पण बाह्या आखूड. घाम आला की मोजा तसाच कपाळावरून फिरवत होते. रात्री आंघोळ करून झोपले. रविवारी काहीच नाही.

सोमवारी सकाळी मनगटावर मांजरीने ओरबाडल्यासारख्या तीन रेघा. दुपारी त्यांच्यावर मोहरीएवढे फोड, मंगळवारी ते पाणी धरून टपोरे झाले आणि डावा डोळा सुजून बंद. खाज तर अशी, की रात्री दोन वाजता बर्फाची पिशवी हातावर धरून स्वयंपाकघरात बसले होते.

व्हिडिओ कॉलवर आईने एकदाच बघितलं. "अगो, हा बिब्बा उतलाय! तिकडे कुठे मिळाला तुला बिब्बा?"

हसले मी, पण ती फारशी चुकली नव्हती. ही वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. बिब्बा, काजू, आंबा आणि ही, सगळी एकाच कुळातली. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं. ते ॲसिडसारखं भाजत नाही. कातडीत मुरून आपल्याच प्रथिनांना चिकटतं, आणि मग शरीराच्या टी-पेशी त्या कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. त्यांना जमायला वेळ लागतो, म्हणून मधला रविवार कोरडा. साबणाने धुवायचं ते मात्र पहिल्या काही मिनिटांतच. रात्रीची आंघोळ म्हणजे वरातीमागून घोडं.

आयुष्यात पहिल्यांदाच लागली तर पुरळ यायला बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे जातात. मला दोनच दिवस लागले. लहानपणी टाचेत काटा मोडला तेव्हा आजीने बिब्ब्याचा चटका दिला होता आणि घोट्यापर्यंत पाय उतला होता. शिवाय दर वर्षी ओले काजूगर सोलून हातांची सालं निघायची. शरीराने तेव्हाच ओळख ठेवली असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शक्य आहे.

या दुसऱ्या डॉक्टर. पहिल्या ठिकाणी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी सगळं दुपटीने परत. यांनी तीन आठवडे, हळूहळू कमी करत दिल्या.

नवऱ्याने माझा टॉवेल वेगळा केला होता. फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही, हे त्याला चार वेळा सांगितलं. तरी दुसऱ्या आठवड्यात कोपरावर नवा चट्टा उठलाच. चोर गॅरेजमध्ये खुंटीला लटकत होता: तेच हातमोजे. तेल त्यांच्यावर महिनोन्‌महिने टिकतं. पिशवीत घालून फेकले. वेल जाळायची नाही म्हणे, धूर फुप्फुसात जातो.

आई रोज विचारायची, ओलं खोबरं लावलंस ना? मी कॅलामाइन लावत होते आणि हो म्हणत होते.

आंब्याच्या सालीतही याच जातीचं काहीतरी असतं. यंदा पेटी आली तेव्हा चिरायचं काम नवऱ्याकडे गेलं. फोडी ओबडधोबड करतो, कोयीला अर्धा गर ठेवतो.