साध्या गाडीतले निळे दिवे

गेल्या गणपतीतली गोष्ट. लंडनला डॉलिस हिलमधल्या महाराष्ट्र मंडळात आरती, जेवण सगळं उरकून साडेनऊला मी हाय विकमला घरी निघाले. नवरा त्या आठवड्यात पुण्याला होता. चार वर्षांची लेक मागच्या सीटवर गाढ झोपलेली. गाडी सेकंडहँड, घेऊन चारच दिवस झालेले.

एम४० या मोटरवेला, म्हणजे द्रुतगती महामार्गाला लागले, डेनहम गाव मागे पडलं आणि आरशात निळे दिवे उघडझाप करायला लागले. गाडी पोलिसांची वाटेना. पिवळ्या-निळ्या चौकड्या नाहीत, टपावर दिवा नाही. करड्या रंगाची कुणाचीही असावी अशी गाडी, आणि दिवे पुढच्या जाळीच्या आत बसवलेले. माझे हात गार पडले.

इथे रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईच्या मनात अशा वेळी काय येतं ते सांगायलाच हवं. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्ड रात्री चालत घरी जात होती. नोकरीत असलेल्या एका पोलिसाने स्वतःचं खरं ओळखपत्र दाखवून तिला भाड्याच्या गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. तेव्हापासून ऑफिसात आम्ही बायका अनेकदा बोललो होतो, की समोरचा खरोखर कामावर असलेला पोलिस आहे हे ओळखायचं कसं. त्या बोलण्याचा मला त्या रात्री उपयोग झाला.

इथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १६३ सांगतं, की गणवेशातल्या पोलिसाने थांबवलं तर थांबायलाच हवं. त्याला कारण असावं लागत नाही, आणि न थांबणं हा गुन्हा आहे. पण 'गणवेशातला' हा शब्द कायद्यातच आहे. गाडीवर खुणा नसल्या तरी चालतं, थांबवणाऱ्याच्या अंगावर मात्र वर्दी हवी. मागून अंधारात मला वर्दी दिसत नव्हती, आणि मोटरवेच्या कडेला लेकीला घेऊन थांबायची माझी तयारी नव्हती.

मी वेग ताशी ७० मैलांवरून ५० वर आणला, डाव्या लेनमध्ये आले, चारही इंडिकेटर चालू केले. तुम्हाला पाहिलंय, पळत नाहीये, हे त्यांना कळावं म्हणून. मग गाडीच्या ब्लूटूथवरून, फोन हातात न घेता, ९९९ हा इथला आणीबाणीचा नंबर लावला. म्हटलं, मागे बिनखुणेची गाडी आहे, मुलगी सोबत आहे, बीकन्सफील्ड सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेलगतच्या पेट्रोल पंपाच्या थांब्यावर, उजेडात थांबते. पलीकडच्या बाईने गाडीचा नंबर विचारला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गाडी आमचीच आहे. तुम्ही सर्व्हिसेसपर्यंत या, मी त्यांना कळवते." ती शेवटपर्यंत फोनवर राहिली. त्या सहा-सात मिनिटांत मागची गाडी एकदाही अंगावर आली नाही, अंतर राखून चालत राहिली.

पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली थांबले. दोघे उतरले, दोघेही वर्दीत, छातीवर कॅमेरा. मी दारं लॉक ठेवून काच दोन बोटं खाली केली आणि ओळखपत्र मागितलं. मोठ्या वयाच्या पोलिसाने ते काचेला लावून धरलं आणि मी नाव-नंबर वाचून होईपर्यंत हललाही नाही. "मोटरवेवर थांबला नाहीत ते बरोबर केलंत," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. त्यांच्या गाडीतल्या नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याने माझी गाडी विम्याशिवाय असल्याचं दाखवलं होतं. मी शांत होते, कारण विमा काढलेला होता. विम्याच्या देशभरातल्या यादीत नवीन गाडी चढायला कधी कधी काही दिवस लागतात हेही माहीत होतं. फोनवर सर्टिफिकेट उघडून दिलं. त्याने ते टॉर्चच्या उजेडात वाचलं, पुढे जाऊन नंबरप्लेट पाहिली आणि परत आला. सर्टिफिकेटवर गाडीच्या नंबरातली शेवटची दोन अक्षरं उलटसुलट छापलेली होती.

विम्याशिवाय गाडी चालवली तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे गुन्ह्यासाठी नोंदवले जाणारे दंडाचे गुण. मी सांगलीत नऊ वर्षं गाडी चालवली असली तरी इथली परीक्षा पास होऊन आठच महिने झाले होते, आणि पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. गाडी तिथेच जप्त करण्याचाही त्यांना अधिकार होता. लेक उठून "आई, घर आलं?" असं विचारत होती.

त्याने पत्ता, मॉडेल, विम्याची तारीख जुळवून पाहिली. डिक्की उघडायला सांगितली नाही. गाडी थांबवणं वेगळं आणि झडती घेणं वेगळं. झडतीला इथे सहसा संशयाचं ठोस कारण लागतं आणि ते आधी सांगावं लागतं. लायसन्स माझ्याकडे नव्हतं, पण ते जवळ बाळगण्याची इथे सक्ती नाही. नाव आणि जन्मतारीख सांगितल्यावर त्याच्या टॅबवर माझा फोटो आला. शेवटी त्याने एक कागद भरून दिला: सात दिवसांत, मी निवडलेल्या पोलिस स्टेशनात विम्याचे कागद दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला फोन केला. पहिल्या माणसाने अक्षरं दुरुस्त केली, नवं सर्टिफिकेट पाठवलं आणि काम झालं म्हणाला. झालं नव्हतं. नव्या सर्टिफिकेटवर त्या दिवसाची तारीख होती, म्हणजे आदल्या रात्री मी विम्याविनाच होते असा अर्थ निघाला असता. हे माझ्या लक्षात आलं म्हणून मी वाचले. तीन वेळा फोन करून एकच गोष्ट मागत राहिले: पहिल्या दिवसापासून याच गाडीला संरक्षण होतं आणि चूक नंबर टाइप करताना झाली, असं लेखी पत्र. चौथ्या दिवशी ते ईमेलने आलं. असं कुणावर आलं तर हे पत्रच मागा, नुसत्या दुरुस्तीवर फोन ठेवू नका.

दरम्यान दादाचा सांगलीहून फोन आला. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्येही लायसन्स मागणारा पोलिस गणवेशात असावा असंच लिहिलंय, आणि २०१८ पासून डिजिलॉकरमधलं लायसन्सही चालतं, असं तो म्हणाला. मी नऊ वर्षं तिथे गाडी चालवली आणि हे कलम मला ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. मग वहिनीशीही बोलले. ती रोज रात्री मिरजेहून एकटी स्कूटरवर येते.

पाचव्या दिवशी पोलिस स्टेशनात गेले. खिडकीमागच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, कागदावर नोंद करून शिक्का मारला. मी विचारलं, अजून काही करायचंय का? "नाही," त्या म्हणाल्या, "पण यादीत नंबर नीट आलाय का ते बघून घ्या." बाहेर पार्किंगमध्येच फोनवर पाहिलं. अक्षरं बरोबर होती.